पूल, पवई आणि पितळी बाजा

मराठी माणसाला सनी म्हटलं की गावसकर आठवणार, त्याला इलाज नाही. पण गावसकरांच्याही जवळपास एकोणीस वर्षं आधी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एक सनी जन्मला होता. वॉल्टर थिओडोर रॉलिन्स, ७ सप्टेंबर १९३०. त्याच्या हाती बॅटऐवजी सॅक्सोफोन आला आणि पुढची साठेक वर्षं त्याने जॅझ आणि ब्लूजच्या दुनियेला आपल्यामागे धावायला लावलं. धावणारे जवळ पोचले की हा गायब! कधी पुलावर, कधी चक्क पवईत. शंभर नाबाद असताना, गोलंदाज दमलेले असताना, कुणी न सांगता तंबूत परतणारा फलंदाज पाहिलाय? सनी रॉलिन्स हा तसला माणूस.

एवढ्या ज्येष्ठ कलावंताला एकेरीत का, असं कुणी विचारेल. लता, आशा, सचिन यांना आपण कधी अहो-जाहो केलंय?

घरात व्हायोलिन, डोक्यात ब्लूज

आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरचे, वडील अमेरिकी नौदलात. थोरला भाऊ व्हायोलिन वाजवायचा (पुढे डॉक्टर झाला), बहीण पियानो. शेंडेफळानेही असंच काहीतरी घरंदाज वाजवलं असतं, पण शाळेच्या जवळ एक क्लब होता आणि तिथे लुई जॉर्डनचा फोटो झळकत असे. जॉर्डन म्हणजे ब्लूजचा नाचरा, मिश्कील अवतार. गायचा, ऑल्टो सॅक्सोफोन फुंकायचा आणि कपडे असे झकपक की पोराने बघत राहावं. सनी सात-आठ वर्षांचा असताना त्याला ऑल्टो मिळाला. खोलीत शिरला की बाहेर यायचं नाव नाही, आई जेवायला हाका मारून दमायची. ही सवय त्याला नंतरही सुटली नाही. आयुष्यातल्या अनेक भानगडींचं मूळ तीच आहे, आणि मोठेपणाचंही.

सॅक्सोफोनबद्दल एक गंमत इथेच सांगून टाकतो. वाद्य पितळी, पण ट्रम्पेटच्या गोत्रातलं नाही. ते क्लॅरिनेटचं भाऊबंद. कारण सूर जन्मतो तो तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातळ पट्टीच्या कंपनातून. अडॉल्फ साक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याच्या डोक्यात लष्करी बँड आणि ऑर्केस्ट्रा होते. हार्लेम त्याच्या स्वप्नातही नसणार.

सहीसाठी जिन्यावर ठिय्या

सोळाव्या वर्षाच्या आसपास सनीने ऑल्टो सोडून टेनर धरला. कारण कोलमन हॉकिन्स. टेनर सॅक्सोफोनला जॅझमध्ये मानाचं पान मिळवून दिलं ते या माणसाने, आणि तो राहायला होता सनीच्याच शुगर हिल भागात. मग काय, हातात हॉकिन्सचा फोटो घेऊन पोरगा त्याच्या घराच्या पायऱ्यांवर बसून राहिला. सही मिळाली.

पुढे १९६३ साली दोघांनी मिळून ‘सनी मीट्स हॉक!’ हा अल्बम केला. आता इथे कुणालाही वाटेल की चेला गुरूच्या पायाशी बसून विनम्रपणे वाजवेल. सनीने नेमकं उलट केलं. इतके तिरपागडे, चमत्कारिक सूर काढले की हॉकिन्सच्या जागी दुसरा असता तर उठून गेला असता. हॉकिन्स मात्र हलला नाही. माझ्या मते गुरूला दिलेला हा सगळ्यात मोठा मान आहे: त्याची नक्कल न करणं.

हार्लेममधल्या सनीच्या पोरसवदा टोळक्यात जॅकी मॅक्लीन, केनी ड्रू आणि आर्ट टेलर होते. चौघंही पुढे जॅझच्या इतिहासात गेले. शाळा सुटली की सनी पियानोवाल्या थेलोनियस मंकच्या घरी तालमीला. आपल्याकडे पोरं शिकवणीला जातात, हा मंककडे जायचा!

टॅक्सीत भेटलेला बेसबॉलपटू

सनीचं दुसरं टोपणनाव न्यूक. ब्रुकलिन डॉजर्स संघात डॉन न्यूकम नावाचा नामांकित पिचर होता, सनी दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने आत्मचरित्रात एक किस्सा दिलाय. दोघं टॅक्सीने चालले होते. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं आणि त्याचे डोळे विस्फारले, न्यूकम आपल्या गाडीत! सनीने चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. स्टॅन म्यूझियलसारख्या दादा फलंदाजाला आज कसे चेंडू टाकणार आहे, हे त्याने साग्रसंगीत समजावून सांगितलं आणि वर सामन्याची तिकिटं ठेवायचं आश्वासनही दिलं. त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं, देव जाणे. सनीने मात्र ‘न्यूक्स टाइम’ नावाचा अल्बम काढून टोपणनाव पक्कं केलं.

बर्डशी खोटं

आता जरा वेगळं. १९५० साली सनी सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला आणि न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात दहा महिने राहिला. १९५२ मध्ये पुन्हा आत. हेरॉइन. त्या काळातल्या कितीतरी जॅझवाल्यांना हे व्यसन जडलं होतं, आणि अनेकांचं लटकं समर्थन एकच: चार्ली पार्कर, म्हणजे सगळ्यांचा ‘बर्ड’, घेतो, म्हणून तो तसा वाजवतो.

जानेवारी १९५३ मध्ये माइल्सच्या एका रेकॉर्डिंगला पार्कर आणि सनी एकत्र आले. पार्कर एरवी ऑल्टोवाला, त्या दिवशी टेनर घेऊन बसला होता आणि करारातल्या अडचणीमुळे तबकडीवर त्याचं नाव पडलं ‘चार्ली चॅन’. त्याने सनीला विचारलं, सोडलंस ना ते? सनी खोटं बोलला. त्याच दिवशी पार्करला खरं कळलं आणि त्याचा चेहरा पडला. तो चेहरा सनी विसरला नाही. १९५५ मध्ये तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात स्वतःहून दाखल झाला आणि सुधारून बाहेर पडला. पार्करला दाखवायचं राहिलं. १२ मार्च १९५५ ला पार्कर गेला होता, वय अवघं चौतीस.

नंतर काही काळ सनीने शिकागोत झाडलोटीची आणि हमालीची कामं केली. क्लबांपासून लांब राहायचं, म्हणून. वाजवणं सुरू होतं, पण लोकांसमोर नाही. पहिली रजा हीच म्हणायची. त्यातून तो बाहेर आला तो क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये. ब्राउन ट्रम्पेटचा जादूगार, शिवाय दारू-गर्द काही नाही. असंही जगता येतं आणि असंही वाजवता येतं, हे सनीने तिथे पाहिलं.

डोळ्यांच्या तपासनिसाचा दिवाणखाना

२२ जून १९५६. न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक गाव. रुडी व्हॅन गेल्डर नावाचा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढी आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या दिवाणखान्यात मायक्रोफोन मांडून रेकॉर्डिंग करी. जॅझच्या निम्म्याअधिक अजरामर तबकड्या या माणसाच्या हाताखालून गेल्यात असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. त्या दिवशी दिवाणखान्यात सनी, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रम्सवर मॅक्स रोच. झालेल्या अल्बमचं नाव ‘सॅक्सोफोन कोलोसस’. सनीचा हा महापुतळा अजून हललेला नाही.

पहिलंच गाणं ‘सेंट थॉमस’. आईच्या बेटाचं नाव, आणि चाल लहानपणी आईकडून ऐकलेली. शेवटचं ‘ब्लू सेव्हन’ हा अकरा मिनिटांहून लांब ब्लूज. मोजक्या सुरांचं एक किरकोळ वळण घ्यायचं आणि त्यातूनच सगळी इमारत उभी करायची, ही त्याची करामत. गुंथर शुलर या संगीतकाराने १९५८ मध्ये या एका वादनावर भलामोठा विश्लेषणात्मक लेख लिहिला. सनीने तो वाचला आणि पंचाईत झाली. आपण नकळत जे करतो ते असं असतं होय, या विचाराने तो वाजवताना अवघडायला लागला. समीक्षा वाचायची नाही, असं त्याने मग ठरवलं. समीक्षकांनी चांगलं लिहिलं तरी कलावंताचं नुकसान होऊ शकतं, याचा याहून पक्का पुरावा माझ्याकडे नाही.

या रेकॉर्डिंगनंतर चारच दिवसांनी, २६ जूनला, क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला. वय पंचवीस.

भराभर

सनीच्या एका प्रसिद्ध रचनेचं नाव आहे ‘एअरेजिन’. रोमन अक्षरं उलटीकडून वाचा, नायजेरिया मिळेल. १९५४ साली ती माइल्सबरोबर रेकॉर्ड झाली, तेव्हा तो देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता.

१९५६ ते १९५८ या तीन वर्षांत सनीच्या नावाने डझनाहून जास्त अल्बम निघाले. ‘फ्रीडम स्वीट’ (१९५८) मध्ये एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिलेली, आणि विषय काळ्या माणसाचं स्वातंत्र्य. कंपनीने काही काळाने तोच अल्बम ‘शॅडो वॉल्ट्झ’ या निरुपद्रवी नावाने पुन्हा विकायला काढला. धंदा शेवटी धंदा.

१२ ऑगस्ट १९५८ ला हार्लेमच्या एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझवाल्यांचा तो सुप्रसिद्ध फोटो निघाला. वेळ दिली होती सकाळी दहाची. दिवसातून दोनदा दहा वाजतात, हे त्यातल्या काहींना त्या दिवशी कळलं, असा विनोद तेव्हापासून चालत आलाय. फोटोत हॉकिन्स आहे, मंक आहे, आणि काळा चष्मा लावलेला सनीही. टॉम हँक्सचा ‘द टर्मिनल’ आठवतो? त्यातला नायक वडिलांची इच्छा पुरी करायला जिच्या सहीसाठी न्यूयॉर्कला येतो ती व्यक्ती याच फोटोतली, सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन. २०२४ मध्ये गोल्सन गेला, आणि त्या सत्तावन्नांत उरला एकटा सनी.

पहाटे तीनचा काउबॉय

मार्च १९५७ मध्ये सनी पहिल्यांदाच लॉस एंजेलिसला गेला. तिथे बासवाला रे ब्राउन आणि ड्रमवाला शेली मॅन यांच्यासोबत रेकॉर्डिंग करायचं होतं, पण दोघंही दिवसभर कामात बुडालेले. उरली वेळ पहाटे तीनची. मग पहाटे तीनला सुरू! पियानो नाहीच, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स, बस. अशा मोकळ्या मैदानात वादकाला लपायला जागा नसते. सनीला तेच हवं होतं.

हार्लेमच्या थिएटरांत काउबॉयपट बघत मोठा झालेला हा गडी. पश्चिमेला आलोच आहोत तर होऊन जाऊ दे, म्हणून त्याने काउबॉयगिरीची गाणी निवडली आणि मुखपृष्ठासाठी फोटोग्राफर विल्यम क्लॅक्सटनबरोबर मोहावी वाळवंट गाठलं. डोक्यावर भलीथोरली हॅट, कमरेला पिस्तुलाचा पट्टा, आणि हातात बंदुकीच्या जागी टेनर सॅक्सोफोन. जॅझवाले त्या काळी फोटोत गंभीर तोंडं करून धूर सोडत बसायचे. त्यांना हा थिल्लरपणा वाटला असेल, पण मला विचाराल तर काळ्या काउबॉयला पडद्यावर जागा न देणाऱ्या हॉलिवूडला काढलेला हा सगळ्यात हसरा चिमटा आहे. अल्बमचं नाव ‘वे आउट वेस्ट’.

सनीची ही खोड जुनीच. ज्या गाण्यांना शहाणे लोक नाक मुरडायचे, सिनेमातली, नाटकातली, पोरकट, ती हा उचलायचा आणि त्यांची पार उलथापालथ करून टाकायचा.

शेजारीण गरोदर आहे

१९५९. वय अठ्ठावीस. अमेरिकेतल्या पहिल्या नंबरच्या टेनरवाल्यांत नाव, हातात कामं, खिशात पैसे. आणि सनीने कार्यक्रम घेणं बंद केलं.

का? तर आपलं नाव जेवढं झालंय तेवढं आपल्याला वाजवता येत नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं. सॅक्सोफोनवाल्यांत एका बाजूला जॉन कोल्ट्रेन झेपावत होता, दुसरीकडे ऑर्नेट कोलमन सगळे नियम मोडीत काढत होता. सनीने रियाजाला बसायचं ठरवलं. आता बसायचं कुठे? तो राहायचा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, ग्रँड स्ट्रीटवर. घरं चिकटून चिकटून, भिंती पातळ, आणि शेजारच्या बिऱ्हाडात एक गरोदर बाई. टेनर सॅक्सोफोन काही हळू आवाजात वाजवायची चीज नाही. त्या बाळाच्या कानांवर काय परिणाम होईल, या चिंतेने सनीला घरात फुंकवेना.

एके दिवशी डिलान्सी स्ट्रीटवरून चालताना त्याला विल्यम्सबर्ग पुलाचा जिना दिसला. सहज चढून गेला. वर पादचारी वाट, माणसं तुरळक, शेजारून भुयारी रेल्वेच्या गाड्या धडधडत पुलावर चढतायत, मोटारींचा गोंगाट, खाली ईस्ट रिव्हर आणि तिच्यात भोंगे वाजवणाऱ्या बोटी. कितीही जोरात वाजवा, कुणाचं काही जाणार नाही!

मग दोन वर्षांहून जास्त काळ हा नेम. उन्हात, पावसात, न्यूयॉर्कच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतही. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. बोटीने भोंगा दिला की सनी खालच्या पट्टीत जबाब द्यायचा. सोबतीला अधूनमधून सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी यायचा. सिगारेट सोडली, व्यायाम धरला, योगावरची पुस्तकं वाचली. आपल्याकडे गवई चिल्ला धरतात तो चाळीस दिवसांचा. सनीचा चिल्ला किती मोठा झाला, हिशेब करा.

राल्फ बर्टन नावाच्या एका लेखकाने १९६१ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात पुलावर भेटलेल्या एका वादकावर लेख लिहिला. त्याने वादकाचं नाव बदललं, पूलही बदलून ब्रुकलिन ब्रिज केला, म्हणजे गर्दी तिकडे जाईल. आजच्या जमान्यात असा सभ्यपणा कुणी करेल? दहा मिनिटांत रील पडलं असतं.

१९६१ च्या नोव्हेंबरात सनी परतला, १९६२ मध्ये अल्बम आला, नाव ‘द ब्रिज’. आता खरी गंमत ऐका. समीक्षकांना वाटलं होतं, दोन वर्षं पुलावर काढून हा काहीतरी अभूतपूर्व घेऊन खाली उतरणार. आणि हा तर तसाच वाजवत होता! बऱ्याच जणांचा विरस झाला. पुलाची कथा सांगताना हा भाग हल्ली गाळला जातो, कारण त्याने कथेला तडा जातो. मला मात्र हाच भाग सगळ्यात आवडतो. सनी नवं काही शोधायला गेलाच नव्हता. जे येत होतं ते स्वतःच्या समाधानापुरतं यावं, एवढ्यासाठी गेला होता. आणि समाधान काही झालं नाही, हे पुढे दिसेलच. जिम हॉलच्या गिटारबरोबरचा तो अल्बम आज ऐकला तर समीक्षकांच्या कानांत तेव्हा बोळे होते की काय असं वाटतं.

‘सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेत छोट्या लिसाला रात्री पुलावर एक सॅक्सोफोनवाला भेटतो, ‘ब्लीडिंग गम्स मर्फी’. त्याच्यामागे कुणाची सावली आहे, ते सांगायला नको. विल्यम्सबर्ग पुलाला सनीचं नाव द्या, अशी मोहीमही न्यूयॉर्कात निघाली.

पवईचा पाहुणा

साठचं दशक सनीने बऱ्याच लहरीपणात घालवलं. डोक्याच्या दोन्ही बाजू सफाचट करून मधे मोहॉक पट्टा ठेवला, पंक रॉकवाल्यांच्या कितीतरी आधी. लंडनला जाऊन ‘आल्फी’ (१९६६) या मायकल केनच्या सिनेमाला संगीत दिलं. आणि मग पुन्हा रंगमंचाचा वीट आला.

या वेळी तो निघाला तो थेट मुंबईला. योगाची गोडी आधीच लागली होती, परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचून झालं होतं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, एक बॅग आणि एक सॅक्सोफोन घेऊन हार्लेमचा हा धिप्पाड गडी पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात दाखल झाला आणि काही महिने राहिला. पवई म्हणजे आजचे टॉवर आणि मॉल डोळ्यांसमोर आणू नका. तलाव, टेकड्या, झाडी आणि नव्यानेच उभी राहिलेली आयआयटी, अशी ती पवई होती. तिथे वेदान्ताचे पाठ ऐकणाऱ्या मंडळींत माइल्स आणि मंकबरोबर वाजवलेला एक माणूस मांडी घालून बसला होता, हे मुंबईतल्या किती जणांना ठाऊक असेल?

मांडी बसली, मन बसेना. ध्यान लागत नाही, अशी तक्रार त्याने स्वामीजींकडे केली. त्यावर मिळालेलं उत्तर सनीने नंतर कित्येक मुलाखतींत सांगितलंय. मतलब असा की, अरे, तू वाद्य वाजवतोस तेव्हा ध्यानच करत असतोस, वेगळं कशाला बसायला हवं? सनीचा जीव भांड्यात पडला. तसं पाहिलं तर आपल्या कुठल्याही खाँसाहेबांनी किंवा बुवांनी त्याला हेच सांगितलं असतं.

तो पुढे योग सोडून बसला नाही. २०१४ मध्ये आलेल्या ‘रोड शोज’च्या तिसऱ्या भागात त्याची एक रचना आहे, ‘पतंजली’. दंतमंजनाचा नव्हे, योगसूत्रांचा.

मुंबईशी त्याची गाठ पुन्हा पडली ती १९७८ साली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझवेड्या मित्रांनी भरवलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त धोबी तलावजवळच्या रंगभवनात सनी वाजवून गेला, उघड्या आकाशाखाली. त्याच रंगभवनातल्या मैफली पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडल्या. आजूबाजूला रुग्णालयं आहेत. गरोदर शेजारणीसाठी पुलावर गेलेल्या माणसाने या नियमाला हरकत घेतली नसती, असं वाटतं.

सुपरमार्केटमध्ये कोण वाजवतंय?

त्याआधी १९७२ मध्येच सनी रेकॉर्डिंगकडे परतला होता, ‘नेक्स्ट अल्बम’ घेऊन. आता कारभार बायकोच्या, ल्यूसिलच्या हाती आला. पैशांचे व्यवहार, दौरे, पुढे अल्बमची निर्मितीसुद्धा. तिच्यामुळेच एक अफलातून प्रकरण घडलं.

रोलिंग स्टोन्सना १९८१ च्या ‘टॅटू यू’ अल्बमसाठी सॅक्सोफोन हवा होता. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स मुळातला जॅझभक्त. एवढा मोठा माणूस आपल्याकडे कशाला येईल, असं त्याचं मत. सनीलाही रॉकबद्दल फारशी आपुलकी नव्हती. ल्यूसिलने ढकललं म्हणून गेला. कसं वाजवू, असं त्याने विचारलं, तर मिक जॅगर म्हणे समोर नाचू लागला, आणि सनीने त्या नाचाकडे बघून फुंकलं. तीन गाण्यांत तो आहे. तबकडीवर नाव कुठेच नाही.

पुढचा किस्सा सनीच्याच तोंडचा. एका सुपरमार्केटमध्ये सामान घेत असताना वर लावलेल्या स्पीकरमधून सॅक्सोफोन ऐकू आला. हा कोण बरं, ओळखीचा वाटतो... आणि मग उजेड पडला, अरे, मीच की!

त्या तीन गाण्यांपैकी एक आहे ‘नेबर्स’. गोंगाटावरून कीथ रिचर्ड्सचं शेजाऱ्यांशी वाजलं, त्यातून जन्मलेलं ते गाणं. आणि त्यात सॅक्सोफोन कुणाचा, तर शेजारणीला त्रास नको म्हणून दोन वर्षं पुलावर उभा राहिलेल्या माणसाचा. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने ओढूनताणून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

टाच मोडली, गाणं चालू

ऑगस्ट १९८६. न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीझजवळ दगडांच्या चिऱ्यांनी रचलेलं एक प्रचंड शिल्प आहे, ‘ओपस ४०’. तिथे सनीचा खुला कार्यक्रम, आणि रॉबर्ट मगी हा दिग्दर्शक कॅमेरे लावून माहितीपट करतोय. वाजवता वाजवता सनी कडेला गेला आणि अचानक त्याने कठड्यावरून सुमारे सहा फूट खाली उडी मारली. वय पंचावन्न! खाली आडवा. लोकांचा श्वास अडकला. क्षणभराने आडव्या पडलेल्या सनीच्या सॅक्सोफोनमधून सूर यायला लागले. पाठीवर पडून त्याने वाजवणं चालू ठेवलं. टाचेचं हाड मोडलं होतं, हे नंतर समजलं. हे सगळं माहितीपटात आहे, शोधून बघाच.

चाळीस मजले उतरून

११ सप्टेंबर २००१ ला सनी आपल्या मॅनहॅटनमधल्या घरी होता, वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून पाच-सहा गल्ल्या अंतरावर आणि जवळपास चाळिसाव्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी इमारत रिकामी केली तेव्हा एकाहत्तर वर्षांचा सनी जिने उतरून खाली आला. सगळं घर मागे सोडलं, हातात सॅक्सोफोन तेवढा. १५ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये कार्यक्रम ठरलेला. सनीला रद्द करायचा होता, ल्यूसिल म्हणाली वाजव. तो वाजवला. प्रेक्षकांतल्या एका चाहत्याने गुपचूप ध्वनिमुद्रण केलं. पुढे त्याच्या मदतीने तोच कार्यक्रम ‘विदाउट अ साँग’ नावाने २००५ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या एका वादनाला ग्रॅमी मिळालं. ते बघायला ल्यूसिल नव्हती. २००४ मध्ये ती गेली.

एरवी सनी स्वतःची रेकॉर्डिंग ऐकायला बसला की हैराण व्हायचा. इथे चुकलं, तिथे राहिलं. पुलावर सुटलं नाही ते पवईत सुटलं नाही, आणि सत्तरीनंतरही सुटलं नाही.

विनोद झाला, टीप लागली

फुप्फुसांच्या विकाराने २०१२ नंतर त्याचं जाहीर वादन थांबलं. ही शेवटची रजा, आणि एवढी एकच त्याने मागितली नव्हती. २०१० चं ‘नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स’ ओबामांच्या हातून मिळालं होतं, २०११ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान. त्याचे कागदपत्र २०१७ मध्ये हार्लेमच्याच शॉम्बर्ग केंद्रात गेले. त्यातल्या वह्यांत बोटं कुठे ठेवायची, श्वास कसा घ्यायचा, काय खायचं, काय नाही, अशा स्वतःला दिलेल्या सूचनाच सूचना.

२०१४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’च्या संकेतस्थळावर सनीच्या नावाने एक उपहासलेख आला. त्यात म्हातारा सनी सांगतो की मला जॅझ कधी आवडलंच नाही, आयुष्य वाया गेलं. लोकांना ते खरंच वाटलं! गदारोळ उठला आणि संपादकांना टीप चढवावी लागली की बाबांनो, हा विनोद आहे. सनी म्हणाला, विनोदाचं मला वावडं नाही, मी ‘मॅड’ मासिकाचा जुना वाचक. पण जॅझची टिंगल आधीच काय कमी होते?

कुठून ऐकायला लागायचं, असं विचाराल तर ‘सेंट थॉमस’. पाय आपोआप हलतील. मग ‘ब्लू सेव्हन’, शांतपणे, शुलरचा लेख न वाचता. मग ‘टेनर मॅडनेस’. मे १९५६ चा हा बारा मिनिटांचा ब्लूज, सनी आणि कोल्ट्रेन यांनी एकत्र रेकॉर्ड केलेला एकमेव. दोन्ही टेनर, दोघंही तिशीच्या आत, त्यामुळे नवख्याला कोण कुठला हे कळत नाही. आधी एकटा सुटतो तो कोल्ट्रेन, टोकदार आणि घाईतला. मग जो येतो, जाड आवाजाचा, निवांत, मधेच खोडी काढणारा, तो सनी.